मदत हवी आहे: पोटॅशियमच्या सलाईनने हात जळतोय

आई (६८), जुलाब-उलट्यांमुळे ॲडमिट. रक्तातलं पोटॅशियम २.७, म्हणजे कमी. पाचशे मिलीच्या सलाईनमध्ये २० एमईक्यू केसीएल (पोटॅशियम क्लोराइड), चार तासांत द्यायचं ठरलंय. क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) नॉर्मल, लघवी होतेय, ईसीजी काढलाय, बीपीची लघवी वाढवणारी गोळी बंद केलीय. तोंडावाटेचं पोटॅशियमचं सिरप लगेच उलटून पडतं.

मनगटाजवळच्या बारीक शिरेत सुई आहे, कोपरापर्यंत आग होते. सूज नाही. सिस्टरनी वेग कमी केला की थांबते, पण बाटली ठरल्या वेळेत संपत नाही. रात्रपाळीच्या सिस्टर म्हणाल्या, "थोडं फास्ट करते." मी हात जोडून थांबवलं. पोटॅशियम घाईने गेलं तर हृदयाचे ठोके बिघडतात, एवढं ठाऊक आहे.

सकाळी राउंडला डॉक्टरांकडे काय मागू: मोठ्या शिरेत सुई, की जास्त पातळ सलाईन? आणि पोटॅशियम पुन्हा किती तासांनी तपासतात?