रिपोर्टमध्ये एकूण आयक्यू छापावा की छापू नये?

मापनवेडा
माझं मत: मुलाच्या बुद्धिमापन चाचणीच्या रिपोर्टमध्ये चार निर्देशांकांत (वेगवेगळ्या क्षमतांच्या उपगुणांत) मोठी तफावत असेल तर एकूण आयक्यू छापूच नये. भाषिक आकलन ११८ आणि प्रक्रियावेग ८२ असताना मधला आकडा त्या मुलाबद्दल काय सांगणार? शाळा मात्र तेवढाच वाचते. मानसशास्त्रज्ञ स्पिअरमनने १९०४ मध्ये सामान्य घटक 'जी' (सगळ्या बौद्धिक चाचण्यांत सामाईक असलेली एक क्षमता) मांडला, हे मान्य. पण थर्स्टनने १९३८ मध्ये सात प्राथमिक क्षमता दाखवल्याच ना?

शारदा_क
दाखवल्या, आणि त्या सातांतही आपसात धन सहसंबंध निघाला (एक जास्त तर दुसरीही जास्त). शेवटी त्यालाही वरच्या पातळीचा एक घटक मानावा लागला. कॅरलने १९९३ मध्ये साडेचारशेहून जास्त माहितीसंच पुन्हा तपासले, तेव्हाही सगळ्यात वर 'जी' उरलाच.

आता तफावतीचं गणित. दोन निर्देशांकांची विश्वसनीयता (गुण किती भरवशाचा, १ म्हणजे पूर्ण) ०.९० आणि आपसातला सहसंबंध ०.६० धरा. फरकाची विश्वसनीयता (०.९० − ०.६०) ÷ (१ − ०.६०), म्हणजे ०.७५. एकूण आकड्याची ०.९६ च्या आसपास असते. जास्त भरवशाचं ते काढून कमी भरवशाचं ठेवायचं, हा कुठला न्याय?

शिवाय याच गृहीतकांवर १३-१४ गुणांचा फरक 'लक्षणीय' (निव्वळ मापनदोषाने सहसा न येणारा) ठरतो, पण तेवढा फरक दर तिघांत एकाकडे असतो. म्हणून तर मॅन्युअलमध्ये लक्षणीयतेचा तक्ता वेगळा आणि आढळप्रमाणाचा (तेवढा फरक किती जणांत असतो त्याचा) वेगळा. दुसरा तक्ता उघडायचे कष्ट फार थोडे लोक घेतात.

मापनवेडा
माझ्या उदाहरणात फरक ३६ चा आहे. तुमच्याच गृहीतकांवर तो शंभरात एकापेक्षाही कमी जणांत निघेल. त्याचं काय?

शारदा_क
जोडी आधी ठरवली असेल तर. चार निर्देशांकांच्या सहा जोड्या होतात. त्यातली सर्वांत रुंद दरी निकाल पाहून निवडली, तर ती तितकी दुर्मीळ राहत नाही. तरी ३६ मोठाच, त्याचं स्पष्टीकरण हवंच. मात्र स्पष्टीकरण लिहा, आकडा लपवू नका.

आणि तो 'मधला आकडा' नसतोच. चारही निर्देशांक ७० असतील आणि त्यांचा सरासरी सहसंबंध ०.५ असेल, तर एकूण ६२ च्या जवळ येतो. सगळीकडे एकाच वेळी इतकं खाली असणं जास्त दुर्मीळ, म्हणून. सरासरी काढून पडताळणारे इथेच फसतात.

चौकस
गार्डनरच्या बहुविध बुद्धिमत्ता (भाषा, संगीत, शरीर अशा वेगवेगळ्या) कोणी काढल्याच नाहीत! १९८३ पासून चर्चेत आहेत.

शारदा_क
वर्गात शिकवण्याची विविधता म्हणून ठीक. त्या एकमेकींपासून स्वतंत्र आहेत हे दाखवणारा प्रमाणित चाचणीसंच मात्र उभा राहिला नाही. इथे उपयोग नाही.

नि३
तुम्ही दोघं गृहीत धरताय की गुण स्वच्छ आहेत. अंकस्मरणात (ऐकलेले अंक परत सांगण्याच्या उपचाचणीत) सेकंदाला एक अंक, सपाट आवाजात वाचायचा. '४७… २९' असे गट पाडून वाचले की गुण फुगतात. डावखुऱ्या मुलाचा हात संकेतलेखनाच्या (अंकाला ठरलेली खूण भराभर लिहिण्याच्या उपचाचणीच्या) वरच्या किल्लीवर, म्हणजे खुणांच्या नमुन्यावर, येतो. शेजारी दुसरी प्रत ठेवली नाही तर प्रक्रियावेग उगाच घसरतो. त्या ८२ चं मूळ कदाचित एवढंच असेल. आधी उत्तरपत्रिका बघा.

दुसरं, जुनी मानकं, म्हणजे ज्या नमुन्याशी तुलना करून गुण ठरतात तो जुना असणं. फ्लिन परिणामाचा (काळानुसार लोकांचे सरासरी गुण वाढत जाण्याचा) ढोबळ दर दशकाला ३ गुण. २० वर्षांपूर्वीच्या मानकांवर ७४ आले, तर आजच्या मानकांवर ते ६८ च्या आसपास जातील, म्हणजे बौद्धिक अक्षमतेसाठी धरल्या जाणाऱ्या ७० च्या रेषेखाली. रेषेपाशी तर मापनदोष सोडूच नका: विश्वसनीयता ०.९६ असली तरी प्रमाण त्रुटी (गुणातली नेहमीची चूक) ३ गुणांची, म्हणून ९५ टक्के खात्रीचा पट्टा साधारण ±६. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या हॉल विरुद्ध फ्लोरिडा खटल्यात ७० ची ताठ रेषा याच कारणाने नाकारली. एक आरोपी आणि ७१ हा गुण, प्रश्न मृत्युदंडाचा होता.

मापनवेडा
मग पट्टा छापा, '९८' नको. '९२ ते १०४' लिहा. आणि 'जी' हे कारण आहे असं भासवू नका. अनेक छोटे दुवे वेगवेगळ्या चाचण्यांत सामाईक असले, तरी तसाच सहसंबंध तयार होतो, हे थॉमसनने १९१६ मध्येच दाखवलं होतं.

शारदा_क
पट्ट्याला माझी हरकत नाही. थॉमसन बरोबर असला तरी एकूण गुणांची भाकीतक्षमता तीच राहते. पात्रता ठरवताना समितीला बिंदूगुण (एकच आकडा) लागतोच. पट्टा त्याच्याच ओळीत, त्याच अक्षरात द्या. तळटीपेत गेला की कोणी वाचत नाही.