सागवानी पलंग घेऊ का? १८ हजारांत बेडरूम लावायची आहे (सांगली)

सांगलीची_ऋतुजा · १२ ऑगस्ट

नमस्कार. आम्ही जूनमध्ये विश्रामबागला भाड्याच्या घरात आलो. दुसरा मजला, झोपायची खोली दहा बाय अकरा, पश्चिमेला एक मोठी खिडकी. अजून गादी जमिनीवरच आहे आणि दोघांचे कपडे दोन सुटकेसमध्ये. दुकानात पलंग-कपाटाचा सेट बघितला, ५५ हजार सांगितले, तोही भुशाच्या बोर्डाचा. आमच्याकडे सगळं मिळून १८ हजार आहेत. गादी, पडदे, रंग सगळं त्यातच बसवायचं. कर्ज काढून पलंग घ्यायचा नाही हे दोघांनी ठरवलंय.

आतापर्यंत तीन वस्तू बघितल्या.

हरिपूर रोडला एका आजींच्या घरी जुना पलंग आहे. मुलाकडे पुण्याला जाणार म्हणून काढतायत. साडेसहा बाय साडेचार फूट, वरून चॉकलेटी ऑइलपेंट दिलेला, डोक्याकडची फळी कोरीव वाटते पण रंगाखाली काही कळत नाही. एक पाय हलतो. सहा हजार म्हणतात. साग आहे म्हणाल्या. २०१९च्या पुरात पाच दिवस पाण्यात उभा होता, हेही त्यांनी स्वतःहून सांगितलं.

एक लोखंडी कपाट, अडीच हजार, तळाला गंज. आणि भंगारवाल्याकडे एक ड्रेसिंग टेबल, नऊशे रुपये, आरशाला काळे डाग.

पुरातलं लाकूड घ्यावं का? रंग घरी काढता येतो का? ढेकणांचं काय? आणि एक अडचण जरा वेगळी आहे. सासूबाई म्हणतात, दुसऱ्याचा पलंग घरात आणू नये, त्यावर कोण गेलं असेल काय माहीत. त्यांना दुखवून मला काही आणायचं नाही.

कुपवाडकर · १२ ऑगस्ट

ढेकणाचं आधी बघा. पलंग उलटा करून सगळ्या खाचा आणि फळ्यांच्या कडा बॅटरीच्या उजेडात तपासा. काळे बारीक ठिपके दिसले तर समजायचं. तुम्ही रंग काढणारच आहात, तेव्हा खाचांत उकळतं पाणी ओतायला हरकत नाही, पण मग लाकूड नीट वाळेपर्यंत पुढचं काम करू नका. आणि पलंग थेट बेडरूममध्ये नेऊ नका, आधी गॅलरीत ठेवा.

कपाटाच्या तळाला स्क्रू ड्रायव्हर जोरात दाबून बघा. आरपार गेला तर सोडून द्या. नुसता वरचा गंज असेल तर तारेच्या ब्रशने घासून रेड ऑक्साइडचा (गंज रोखणाऱ्या तांबड्या रंगाचा) हात आणि वर ऑइलपेंटचे दोन हात. भिंतीला चिकटवून ठेवायचं नाही, खाली चार लाकडी ठोकळे द्यायचे.

गावभागातली · १३ ऑगस्ट

ऋतुजा, तुझा प्रश्न वाचून काल रात्रीच लिहायला बसले होते. मी तुझ्यापेक्षा बरीच मोठी आहे म्हणून अगं-तुगं करते.

आमचं घर गावभागात. २०१९ला आयर्विन पुलापाशी पाणी सत्तावन्न फुटांवर गेलं. तिथली धोक्याची पातळी पंचेचाळीस आहे, म्हणजे किती वर ते बघ. आम्ही मिरजेला नणंदेकडे होतो. परत आलो तेव्हा खालच्या मजल्यावर गुडघाभर गाळ. दोनच वर्षांपूर्वी हौसेनं केलेलं बोर्डाचं वॉर्डरोब होतं, त्याचं दार धरलं तर भिजलेल्या भाकरीसारखं हातात आलं. प्लायवूडच्या दिवाणाचे पदर सुटले होते. आणि त्याच खोलीत माझ्या आजेसासूबाईंचं सागवानी कपाट, चिखलानं माखलेलं, पण चारी पायांवर उभं. आजही ते माझ्या झोपण्याच्या खोलीत आहे. म्हणून पुरातलं लाकूड म्हटल्यावर मी तरी घाबरत नाही. पाच दिवस पाण्यात राहून पाच-सहा वर्षं झाली आणि पलंग अजून सरळ असेल, तर त्याची परीक्षा होऊन गेली आहे. दुकानातल्या सेटची अजून व्हायची आहे.

पण साग आहे का, ते आजींच्या शब्दावर जाऊ नकोस. त्या खोटं बोलतील असं नाही, त्यांनाही सासूनं सांगितलेलं असतं. पलंगाखाली शिर, जिथे रंग लागलेला नसतो तिथे जरासं खरवड. सागाला चामड्यासारखा एक वास येतो आणि बोटाला किंचित तेलकट लागतं. पायांच्या तळव्यात दाभण खुपसून बघ, पाणी तिथेच मुरतं. दाभण लोण्यात गेल्यासारखं जात असेल तर तो पाय खालून कापून नवा तुकडा जोडावा लागेल. फळीच्या कडेला पांढरट पट्टा असेल तर तोही तपास. वाळवी सागाच्या गाभ्याला सहसा शिवत नाही, पण त्या पांढऱ्या भागाला सोडत नाही.

आमचं कपाट कसं वाळवलं ते सांगते, कारण इथे बऱ्याच जणांच्या वस्तू पुरानंतर वाचल्या आणि उन्हात गेल्या. शेजारच्यांनी त्यांची शिसवी पेटी दोन दिवस कडक उन्हात ठेवली, झाकण मधोमध फाटलं. वरचं लाकूड भराभर आकसतं आणि आतलं ओलंच असतं, मग ते फाटणारच. आम्ही कपाट विटांवर चढवलं, दारं उघडी, खण काढून वेगळे, आणि सावलीत वारा लागेल असं ओसरीवर ठेवलं. तीन महिने. खण पुन्हा आपल्या जागी सरकायला लागले तेव्हा समजलं की वाळलं. तू उकळतं पाणी ओतलंस तर हीच पद्धत ठेव.

आता रंग. हे काम मला फार आवडतं, म्हणून लांबण लागली तर वाच.

आधी वरचा ऑइलपेंट. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं. आपल्याकडे घरगुती रंगात शिशाची मर्यादा ९० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत नव्वद, असा नियम २०१७च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. तुझ्या पलंगाचा रंग त्याच्या कितीतरी आधीचा असणार. त्यामुळे कोरड्या काचपेपरने घासत बसायचं नाही, ती धूळ छातीत जाते. हीट गनच्याही नादी लागू नकोस. पेंट रिमूव्हर आण, उघड्या गॅलरीत, रबरी हातमोजे घालून जाड थर लाव, रंग फुगला की पत्र्याच्या पट्टीने लाकडाच्या रेषेच्या दिशेनं खरवड. आडवं खरवडलंस तर ओरखडे कायमचे राहतील. कोरीवकामात जुना दातांचा ब्रश. खरवडलेलं सगळं कागदावर गोळा करून पिशवीत बांध. घरात दिवस गेलेली बाई किंवा लहान मूल असेल तर हे काम तिथे करूच नये, सुताराकडे न्यावं.

ऑइलपेंटच्या खाली बहुतेक जुनं पॉलिश निघेल. त्यावर स्पिरिटचा बोळा ठेव. चिकट झालं तर ते चपड्याचं, म्हणजे लाखेचं पॉलिश, स्पिरिटनेच पुसून निघतं. स्पिरिटला दाद दिली नाही आणि थिनरने विरघळलं, तर लॅकर.

लाकूड मोकळं झालं की ऐंशी नंबरचा काचपेपर, मग एकशे वीस, मग दोनशे वीस. घाई करून एकशे वीस गाळलास तर पॉलिशखाली ऐंशीच्या रेघा दिसतात. माझ्या कपाटाच्या उजव्या दारावर आहेत, रोज सकाळी उन्हात दिसतात.

चपडा मी घरीच भिजवते. एक लिटर स्पिरिटला साधारण दीडशे ग्रॅम, काचेच्या बरणीत रात्रभर, मधूनमधून हलवायचं, सकाळी मलमलीतून गाळायचं. आत लोकर आणि बाहेर जुन्या धोतराचा मऊ तुकडा असा बोळा करायचा. पातळ हात, सरळ रेषेत, एकदा गेलेल्या जागी लगेच परत जायचं नाही. तीन-चार हात झाले की बारीक पेपर हलका फिरवायचा आणि पुन्हा. माझ्या कपाटाला बारा हात झाले. सातव्या हाताला लाकूड आतून उजळल्यासारखं दिसायला लागलं, तेव्हा मी स्वयंपाक टाकून तिथेच बसून राहिले होते.

हे सगळं दसऱ्यानंतर कर. श्रावणातल्या दमट हवेत चपडा पांढरा पडतो. तोवर पलंग वाळू दे.

सासूबाईंचं म्हणणं मोडून काढू नकोस. आपल्याकडे माणूस गेल्यावर शय्यादान करतात, त्यामुळे परक्या पलंगाची शंका येणं साहजिक आहे. त्यांनाच बरोबर घेऊन जा. एका बाईनं दुसऱ्या बाईला विचारलं की सगळं नीट समजतं.

मिरजेचा_सुतार · १५ ऑगस्ट

ताईंनी बरंच सांगितलंय, पण एका ठिकाणी माझं मत निराळं आहे. चपडा दिसायला सुंदर, आमच्या मिरजेत सतारीला आणि तंबोऱ्याला त्याचंच पॉलिश चढवत आलेत. भोपळ्यावरचं ते तेज बघून कुणालाही वाटेल की आपल्या पलंगालाही हेच करावं. पण सतारीवर कुणी चहाचा कप ठेवत नाही. चपड्यावर गरम भांडं ठेवलं की पांढरं वर्तुळ उठतं, पाणी सांडून राहिलं तरी डाग पडतो. पलंगाच्या डोक्याकडच्या फळीला चपडा करा, खुशाल. ड्रेसिंग टेबल घेतलंत तर त्याच्या वरच्या फळीला मेलामाइन किंवा पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश मारा, आणि तो मात्र कारागिराकडून, कारण त्याचा वास घरात बसतो.

आता हलणारा पाय. रंगापेक्षा तो आधी, आणि त्याला खिळा मारू देऊ नका. कुणी म्हणालं, दोन खिळे ठोकले की बसेल, तर त्याला चहा पाजून परत पाठवा. जुन्या पलंगाला लाकडातच कुसू, म्हणजे पुढे आलेली जीभ, काढून खाचेत बसवलेलं असतं. खिळ्यानं ते कुसू चिरतं आणि सहा महिन्यांत पुन्हा हलायला लागतं. सांधा पूर्ण उकलायचा, जुना वाळलेला सरस पटाशीने खरवडून काढायचा. साग तेलकट असतो म्हणून थिनरच्या फडक्याने पुसायचं, मग फेविकॉल. खाच सैल झाली असेल तर कुसवाला सागाचाच पातळ पापुद्रा चिकटवायचा. शिकंजा नसेल तर दोरी गुंडाळून मध्ये काठी घालून पीळ द्यायचा आणि एक अख्खा दिवस हात लावायचा नाही. हजार-बाराशेच्या मजुरीचं काम आहे. पैसे वाचवायचे तर दुसरीकडे वाचवा.

माप साडेसहा बाय साडेचार म्हणताय, तयार फोमची गादी त्या मापात मिळणं अवघड. गादी कारखान्यात माप देऊन कापसाची भरून घ्या. पाठीलाही बरी, आणि चार वर्षांनी पिंजून पुन्हा भरता येते.

आरशाचे डाग पुसून जात नाहीत. मागचा मुलामा ओलीनं गेलेला असतो. चौकट चांगली असेल तर नुसती काच बदला, काचवाले फुटावर देतात.

सांगलीची_ऋतुजा · १५ ऑगस्ट

दोघांचे मनापासून आभार. रविवारी सासूबाईंना घेऊन हरिपूर रोडला जातेय. दाभण पर्समध्ये टाकलाय.

सांगलीची_ऋतुजा · २३ नोव्हेंबर

तुम्हाला सगळं सांगितल्याशिवाय राहवेना.

त्या रविवारी सासूबाईंनी दारातच विचारलं, "यावर कोणी गेलंय का हो?" आजी म्हणाल्या, "मालक दवाखान्यात गेले. या पलंगावर माझी दोन बाळंतपणं झाली, आणि सुनेचं एक." मग दोघी जणी पाऊण तास बाळंतपणांवरच बोलत होत्या. मी पलंगाखाली दाभण घेऊन. तीन पाय पक्के निघाले, हलणारा चौथा तळाला दोन बोटं मऊ होता. ते दाखवल्यावर आजींनी साडेचार हजारांत दिला.

पायाचं काम सुताराकडून करून घेतलं, नवा तुकडा धरून चौदाशे. रंग आम्ही दोघांनी दोन शनिवार-रविवार खरवडला. डोक्याकडच्या फळीवर कमळ आहे, दोन्ही बाजूंना वेल. सगळ्या खाचा ऑइलपेंटनं बुजल्या होत्या, त्यामुळे आजींना स्वतःलाही ते कमळ आठवत नव्हतं. मी फोटो पाठवला तर त्यांनी फोन केला आणि बराच वेळ काही बोलल्याच नाहीत. आडव्या पट्टीच्या आतल्या बाजूला सुतारानं पेन्सिलीनं मारलेल्या खुणा निघाल्या, तेवढ्या जागी मी पेपर फिरवला नाही.

चपडा दिवाळीच्या सुट्टीत केला, नऊ हात झाले. गावभागातल्या ताई, सातव्या हाताचं तुम्ही लिहिलेलं अगदी तसंच झालं.

लोखंडी कपाटात स्क्रू ड्रायव्हर आरपार गेला, सोडून दिलं. दुसरं तीन हजारांत मिळालं, त्याला फिका हिरवा रंग दिला. कापसाची गादी आणि दोन उशा साडेपाच हजार. पडद्यांचं कापड इचलकरंजीहून आणलं, जाड सुती, दुपारचं ऊन बऱ्यापैकी अडतं. शिलाई मीच केली. रंग, स्पिरिट, चपडा, रिमूव्हर, टेम्पो धरून सगळं मिळून सतरा हजार दोनशे. वर अंथरायला सासूबाईंनी कवठ्याहून त्यांच्या आईच्या हातची वाकळ आणली. हिरव्या इरकली लुगड्याचा काठ आहे तिला. पलंगाच्या लाकडाशेजारी ती इतकी शोभते की मी बेडशीट घेतलंच नाही.

ड्रेसिंग टेबल घेतलंय, आठशेला. मिरजेच्या दादांना विचारायचं होतं. खणाच्या पितळी कड्यांपैकी एक हरवली आहे. तसल्या जुन्या घडणीची सुटी कडी सांगली-मिरजेत कुठे मिळेल, की चारही बदलाव्या लागतील?