सात महिन्यांच्या बाळाची सर्दी आणि घरात उरलेली औषधाची बाटली

प्रश्न : घणसोलीहून एक आई

माझ्या सात महिन्यांच्या मुलीला परवापासून सर्दी आहे. ताप नाही, मात्र नाक चोंदल्यामुळे ती अंगावर पिताना मध्येच सोडते आणि रडते. जाऊबाईंच्या चार वर्षांच्या मुलासाठी आणलेले खोकल्याचे औषध घरात शिल्लक आहे आणि त्यातले पाव चमचा देण्यास हरकत नाही, असे सर्वांचे मत आहे. सासूबाईंचा आग्रह मधातून सितोपलादी चाटवण्याचा व रात्री ओव्याची धुरी देण्याचा आहे. यजमानांनाही खोकला झाला असून त्यांना रक्तदाबाची गोळी चालू आहे. यांपैकी काय चालेल?

उत्तर : बालरोगतज्ज्ञ, नौपाडा

ती बाटली बाळाला मुळीच देऊ नये. मध्य प्रदेशातील छिंदवाड्यात डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन मिसळले गेलेल्या खोकल्याच्या औषधाने मुले दगावल्यानंतर, केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये दोन वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे लिहून देऊ नयेत किंवा विकू नयेत, आणि पाच वर्षांखालीही ती सहसा टाळावीत, अशी सूचना काढली. औषध शुद्ध असले तरी या वयात त्याचा उपयोग जवळजवळ नसतो. गुंगी येणे, धडधड वाढणे हे त्रास मात्र होतात.

मध एक वर्षाच्या आत नको, कारण त्यात क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम या जंतूचे बीजाणू असू शकतात आणि बाळाच्या आतड्यात ते वाढून विष तयार करतात. म्हणजे सितोपलादीचा प्रश्न इथेच मिटला. धुरीने सुजलेली श्वासनलिका आणखी चिडते, मग ती ओव्याची असो वा उदाची.

नाकासाठी साधे सलाईनचे थेंब आणावेत. पाजण्याच्या थोडे आधी दोन्ही नाकपुड्यांत एक-दोन थेंब टाकून सुटलेला शेंबूड अलगद पुसावा व थोड्या थोड्या वेळाने पाजत राहावे. बाळ झोपलेले असताना झबले वर करून पूर्ण एक मिनिट श्वास मोजावेत. दोन महिने ते एक वर्ष या वयात मिनिटाला ५० किंवा अधिक श्वास, श्वास घेताना बरगड्यांखाली खळगा पडणे, कण्हणे, पिणे सोडणे, ओठ निळसर होणे, यांतले काहीही दिसले तर रात्र असली तरी थांबू नये. अन्यथा खोकला दोन आठवडे रेंगाळला तरी त्यात नवल नाही, आणि केवळ शेंबूड पिवळा झाला म्हणून अँटिबायोटिक लागत नाही.

उत्तर : फार्मासिस्ट, कोपरखैरणे

यजमानांविषयी लिहितो. सर्दीच्या बहुतेक तयार गोळ्यांत पॅरासिटामॉल, क्लोरफेनिरामाइन आणि फेनिलेफ्रिन एकत्र असतात. त्यातील फेनिलेफ्रिन रक्तवाहिन्या आकसवते, त्यामुळे रक्तदाब असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती घेऊ नये. अशा गोळीसोबत अंगदुखीसाठी वेगळे पॅरासिटामॉल घेतल्यास मात्रा नकळत दुप्पट होते, आणि हे गिऱ्हाइकांच्या लक्षातच येत नाही. मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या व चमचाभर मध त्यांना चालेल. मधुमेह असल्यास मध नको. नाक मोकळे करणारा औषधी स्प्रे मात्र पाच-सात दिवसांपलीकडे वापरू नये, नाहीतर तो सोडताच नाक पुन्हा चोंदते.

बाळाला पुढे ताप आलाच, तर डॉक्टरांनी सांगितलेले पॅरासिटामॉल थेंबांचे आहे की सिरपचे, हे बाटलीवर वाचून घ्यावे. थेंबांच्या औषधात १ मिलीलिटरमध्ये साधारण १०० मिलिग्रॅम असते, तर मुलांच्या नेहमीच्या सिरपमध्ये तेवढे यायला ४ मिलीलिटरच्या आसपास लागते. चहाच्या चमच्याने कधीही मोजू नये.

मूळ प्रश्नकर्ती

आभारी आहे. कापराची पुरचुंडी उशाशी ठेवलेली चालेल का?

उत्तर : बालरोगतज्ज्ञ, नौपाडा

नको. या वयात हाताला लागेल ते तोंडात जाते आणि थोडासा कापूर पोटात गेला तरी आकडी येऊ शकते. कापूर असलेले छातीला चोळायचे मलमही दोन वर्षांपर्यंत वापरू नये. यजमानांचा खोकला दोन आठवड्यांहून अधिक टिकला, तर सरकारी किंवा महापालिकेच्या रुग्णालयात थुंकीची तपासणी करून घ्यावी. क्षयरोगासाठीची ही तपासणी तेथे मोफत होते, आणि घरात तान्हे बाळ असताना ती लांबवू नये.