मदत हवी आहे: दोन संगणक, एकच बॅकअप, रेस्टिकची दोन व्हर्जन्स. अनोळखी पीपीए वापरू का?

नमस्कार मंडळी,

घरात लिनक्सचे दोन संगणक आहेत. जुन्या डेस्कटॉपवर उबुंटू २२.०४ आणि नव्या लॅपटॉपवर डेबियन १२. दोन्हींचा बॅकअप रेस्टिक या बॅकअप प्रोग्रॅमने एकाच रिपॉझिटरीत (बॅकअप साठवायच्या जागेत) घ्यायचं ठरवलं, म्हणजे दोन्हीकडे असलेले तेच ते फोटो दोनदा जागा खाणार नाहीत. रिपॉझिटरी दुसऱ्या खोलीतल्या छोट्या सर्व्हरवर आहे, एसएफटीपीने (फायली सुरक्षितपणे पाठवायच्या पद्धतीने) जोडलेली. ती लॅपटॉपवरून इनिट केली, म्हणजे नव्याने तयार केली, आणि पहिला बॅकअप सुरळीत झाला. मग डेस्कटॉपवर, झालेल्या बॅकअपांची यादी दाखवणारी 'रेस्टिक स्नॅपशॉट्स' ही कमांड दिली, पासवर्ड टाकला, आणि हे आलं:

'फेटल: कॉन्फिग कॅनॉट बी लोडेड: अनसपोर्टेड रिपॉझिटरी व्हर्जन'

व्हर्जन पाहिलं तर डेस्कटॉपवर ०.१२.१ आणि लॅपटॉपवर ०.१४.०. ॲप्ट (पॅकेज बसवायचं साधन) अपडेट केलं, पण डेस्कटॉपला त्याहून नवीन काही मिळत नाही. कुठेतरी 'रेस्टिक सेल्फ-अपडेट' वाचलं होतं, ते दिलं तर 'अननोन कमांड' म्हणतो. शोधता शोधता कुणीतरी स्वतःच्या हौसेने चालवलेला पीपीए, म्हणजे उबुंटूसाठीचा खासगी पॅकेज-साठा, सापडला. त्यात नवं व्हर्जन आहे, पण शेवटचं अपलोड दोन वर्षांपूर्वीचं, आणि पॅकेज करणाऱ्याची दुसरी काहीच माहिती नाही.

माझा बॅकअप रोज रात्री रूट म्हणून, म्हणजे संगणकाच्या सर्वाधिकारांनी, चालतो. डेस्कटॉपवर वडिलांनी स्वतःच्या आवाजात सांगून ठेवलेल्या आठवणींची रेकॉर्डिंग्ज आहेत. ते आता नाहीत. त्यामुळे 'लावून बघू, पुढचं पुढे' असं इथे करायचं नाहीये. तो पीपीए जोडू का? की दुसरा मार्ग आहे?

प्रतिसाद १

तुमचा डेटा ठीक आहे, आधी निश्चिंत व्हा. ऑगस्ट २०२२ मध्ये आलेल्या ०.१४.० पासून रेस्टिकमध्ये कॉम्प्रेशन आलं आणि त्यासाठी रिपॉझिटरीचा फॉरमॅट १ चा २ झाला. ०.१४.० ने नवीन रिपॉझिटरी केली की ती आपोआप फॉरमॅट २ ची होते. उबुंटू २२.०४ एप्रिल २०२२ चं, म्हणजे त्याच्या आधीचं. एकदा रिलीज झालं की त्यातली पॅकेजं गोठतात, नवीन व्हर्जन सहसा येत नाही. जुन्या रेस्टिकला हा फॉरमॅट वाचताच येत नाही, म्हणून तो दारातच थांबला. लॅपटॉपवर 'रेस्टिक कॅट कॉन्फिग' द्या, त्यात व्हर्जन २ दिसेल.

सेल्फ-अपडेट नाही, कारण डिस्ट्रोच्या (उबुंटू, डेबियन यांच्या) पॅकेजमधून ती कमांड मुद्दाम वगळतात. ॲप्टने बसवलेली फाइल ॲप्टच्या नकळत बदलू नये म्हणून.

दोन्हीकडे डिस्ट्रोचंच पॅकेज ठेवायचं असेल तर लॅपटॉपवरून 'रिपॉझिटरी-व्हर्जन १' देऊन वेगळी रिपॉझिटरी करा आणि 'रेस्टिक कॉपी'ने स्नॅपशॉट्स तिकडे न्या. इनिट करताना 'कॉपी-चंकर-पॅराम्स' (फायलींचे तुकडे जुन्या रिपॉझिटरीसारखेच पाडायला सांगणारा पर्याय) विसरू नका, नाहीतर तेच फोटो नव्या बॅकअपमध्ये पुन्हा नव्याने साठवले जातील. कॉम्प्रेशन मात्र मिळणार नाही.

प्रतिसाद २

पीपीएबद्दल माझं मत स्पष्ट आहे: नको. उबुंटूच्या युनिव्हर्स या अधिकृत पॅकेज-विभागातलं रेस्टिकही समुदायच सांभाळतो, पण तिथे अपलोड कोण करू शकतं याला नियम आहेत आणि एक माणूस थांबला तर दुसरा हात लावू शकतो. एकट्याच्या पीपीएत तसं नसतं. बॅकअपच्या प्रोग्रॅमला तर सगळ्या फायली वाचता येतात आणि पासवर्डही त्याच्या हातात असतो. जुलै २०१८ मध्ये आर्च लिनक्सच्या एयूआर या वापरकर्त्यांच्या पॅकेज-साठ्यात ॲक्रोरीडचं (पीडीएफ वाचायच्या प्रोग्रॅमचं) बेवारस पॅकेज एकाने दत्तक घेतलं आणि त्यात बाहेरून स्क्रिप्ट ओढून चालवणारा कोड घातला. ते लवकर पकडलं गेलं, पण पॅकेज कुणाच्या हाती आहे याला किती महत्त्व आहे ते त्यातून कळतं.

त्यापेक्षा रेस्टिक प्रकल्पाच्या रिलीज पानावरचीच बायनरी (थेट चालणारी तयार फाइल) घ्या. सोबत शा-२५६ बेरजांची (फाइल बदललेली नाही हे पडताळायच्या चेकसमची) फाइल आणि ती प्रकल्पाचीच आहे हे दाखवणारी जीपीजी ही डिजिटल सही असते. आधी सही तपासा, मग बेरीज, मग फाइल उघडून /यूएसआर/लोकल/बिन मध्ये ठेवा. सहीच्या 'की'चा (किल्लीचा) फिंगरप्रिंट, म्हणजे तिची ओळखखूण, रेस्टिकच्या दस्तऐवजात आहे, तो अक्षर न अक्षर जुळवून घ्या. या बायनरीत सेल्फ-अपडेट असतं आणि तेही सही तपासूनच उतरवतं. फक्त ते वेळोवेळी चालवणं आता तुमच्याकडे, ॲप्ट आठवण करून देणार नाही.

धागाकर्ता

दोघांचेही आभार. बायनरी घेतली, सही आणि बेरीज दोन्ही जुळल्या. हाताने चालवल्यावर स्नॅपशॉट्स दिसले, बॅकअपही झाला. पण रात्रीचा बॅकअप सकाळी लॉगमध्ये पाहिला तर पुन्हा तीच 'अनसपोर्टेड' ओळ! टर्मिनलमध्ये व्हर्जन नवंच दाखवतोय.

प्रतिसाद २

रात्रीचा बॅकअप चालवणाऱ्या सिस्टमडीच्या सर्व्हिस फाइलमध्ये एक्झेकस्टार्टची (कोणता प्रोग्रॅम चालवायचा ते सांगणारी) ओळ बघा. तिथे /यूएसआर/बिन/रेस्टिक असा पूर्ण पत्ता असणार. टर्मिनल आधी लोकल बिन पाहतं, सर्व्हिस मात्र लिहिलेल्या पत्त्यावरच जाते. पत्ता बदला, डीमन-रिलोड करा (म्हणजे सिस्टमडी बदललेली फाइल पुन्हा वाचेल) आणि जुनं पॅकेज ॲप्टने काढूनच टाका.

धागाकर्ता

अगदी तेच होतं. पत्ता बदलला, जुनं काढलं. काल रात्रीचा बॅकअप डेस्कटॉपच्या नावाने दिसतोय. सगळा डेटा वाचून तपासायला 'चेक' 'रीड-डेटा'सह चालवलं, एकही चूक नाही. मग रेकॉर्डिंग्जचा फोल्डर टेंपमध्ये रिस्टोअर करून मूळ फोल्डरशी डिफ केला, म्हणजे दोन्हींतला फरक तपासला. डिफने काहीच दाखवलं नाही. तरी एक फाइल उघडून ऐकली.

ज्या बायनरीने हा बॅकअप घेतला ती, तिची बेरीज आणि सही हे सगळं आता रिपॉझिटरीशेजारी वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवलं आहे. पासवर्ड कागदावर लिहून बहिणीकडे दिला आहे.