हरभट रोडवरील जुन्या कापड दुकानाबाबत सल्ला हवा आहे

नमस्कार. सांगलीत हरभट रोडवर आमचे वडिलोपार्जित कापड दुकान असून जागा जुन्या भाडेकरारावरील आहे. 2019 च्या महापुरात माल भिजला, 2021 मध्ये कृष्णेचे पाणी पुन्हा शिरले आणि मधल्या टाळेबंदीत जे गिऱ्हाईक मोबाईलवरून खरेदीला सरावले, ते परतलेच नाही. खण आणि नऊवारीला अजून मागणी आहे. शर्टपीस-पँटपीस मात्र पडून राहतात, कारण कापड घेऊन शिंप्याकडे जाण्याची सवयच मोडली आहे. (माझ्या मते ऑनलाइन विक्रीपेक्षा हे कारण मोठे आहे.)

वडिलांना आता रोज गादीवर बसणे झेपत नाही. तथापि महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 नुसार, ज्या कामासाठी जागा दिली त्यासाठी ती वाजवी कारणाशिवाय सलग सहा महिने न वापरल्यास मालक ताब्यासाठी दावा करू शकतो, म्हणून कुलूप लावण्याचे धाडस होत नाही.

कापडाऐवजी अस्तर, फॉल, धागे यांची विक्री आणि पिको-फॉलचे काम सुरू केल्यास तो वापरातील बदल ठरेल काय? मालकांची लेखी संमती कोणत्या स्वरूपात घ्यावी? तसेच शिल्लक कापड एकगठ्ठा घेणारे व्यापारी मिरज वा इचलकरंजीत असल्यास, साधारण कोणत्या दराने घेतात, हेही अनुभवी सदस्यांनी कृपया कळवावे.