जुगाड म्हणू नका: चांद्रयान, बैलगाडी आणि उद्यमबागेतल्या ४० रिंगा

लेथवाला, उद्यमबाग
निपाणीकरांची कालची पोस्ट रात्री दोनदा वाचली आणि झोप उडाली. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी: "६१५ कोटीत चंद्र गाठला, याला म्हणतात जुगाड! जुन्या बुलेटचं इंजिन काढून पंपाला जोडणारा आमच्या भागातला शेतकरी आणि इस्रोचा शास्त्रज्ञ, दोघं एकाच मातीतले." खाली नुसता टाळ्यांचा पाऊस.

मी बेळगावच्या उद्यमबागेत २३ वर्षं मशीनवर उभा आहे. जुगाड काय असतो ते मला ठाऊक आहे. बेअरिंगची जागा ढिली झाली की पत्र्याची पट्टी ठोकून दिवाळीपर्यंत मशीन ओढायचं, हा जुगाड. त्यात एक गोष्ट धरून चाललेली असते: परत बिघडलं तर उद्या उघडू. रॉकेट उद्या उघडता येत नाही.

स्वस्तात झालं त्याची कारणं वेगळी आहेत. चांद्रयान ३ साठी नवं रॉकेट बनवलं नाही, इस्रोचं एलव्हीएम३ रॉकेट होतंच. निघताना त्याचं वजन सुमारे ६४० टन. अपोलो ११ नेणारं सॅटर्न ५ जवळजवळ ३,००० टनांचं होतं, म्हणून ते चार दिवसांत चंद्रापाशी गेलं. आपलं यान १४ जुलै २०२३ ला निघालं आणि ५ ऑगस्टला चंद्राच्या कक्षेत शिरलं. एका दमात फेकायची ताकद नव्हती, म्हणून आधी लांबट कक्षेत सोडलं. मग फिरत फिरत ते पृथ्वीच्या सगळ्यात जवळ आलं की, म्हणजे वेग सगळ्यात जास्त असताना, इंजिन थोडा वेळ पेटवायचं. तेवढंच इंधन तिथं जाळलं की ऊर्जा जास्त पदरात पडते. असं पाच वेळा केलं, आणि १ ऑगस्टला चंद्राची वाट धरली. प्रत्येक वेळी कधी पेटवायचं, किती सेकंद, कुठल्या दिशेनं, हे आधी मोजलेलं. याला जुगाड म्हणणं म्हणजे त्या माणसांनी अंदाजपंचे काम केलं असं म्हणणं. मला ते सहन होत नाही.

निपाणीकर
लेथवाले दादा, तुम्ही माझ्या शब्दाला धरून बसलात, भावना सोडून दिलीत. केरळातल्या थुंबाला, जिथून आपली पहिली रॉकेटं सुटली, पहिलं ऑफिस चर्चमध्ये होतं. रॉकेटचे भाग सायकलवरून नेले. १९८१ साली ॲपल उपग्रह बैलगाडीवर ठेवला, फोटो सगळ्यांनी बघितलाय. हे काय अमेरिकेच्या पैशानं झालं का? जवळ काही नसताना वाट काढली. त्यालाच आमच्याकडं जुगाड म्हणतात.

आणि जुगाडाला हिणवू नका. माझ्या वडिलांनी एक डिझेल इंजिन ११ वर्षं जगवलं. पिस्टन रिंग मिळत नव्हती तेव्हा दुसऱ्या इंजिनाची घासून बसवली. त्या पाण्यावर तंबाखू पिकला आणि त्या तंबाखूवर आम्ही दोघं भाऊ शिकलो. तुमच्या त्या बारीक मापाच्या मायक्रोमीटरनं आमची फी भरली नाही.

संकेश्वर मामा
बैलगाडीचा विषय निघाला म्हणून बोलतो. आमच्या घरी दोन गाड्या होत्या, कारखान्याला ऊस न्यायला. कोटीचा उपग्रह गाडीवर ठेवायचा म्हणजे मला तरी ते बरं वाटलं नव्हतं. आपली गरिबी जगाला दाखवल्यासारखं झालं.

खानापूरच्या बाई
मामा, गरिबी नव्हे हो ती. मी ३१ वर्षं विज्ञान शिकवलं, दरवर्षी मुलं हेच विचारायची. त्या उपग्रहाच्या अँटेनाची चाचणी मोकळ्या मैदानात घ्यायची होती. ट्रकवर ठेवला असता तर सगळीकडं लोखंड. त्याचं चुंबकत्व आणि पत्र्यावरून उलटणाऱ्या लहरी मोजमापात शिरल्या असत्या. लाकडाचा, चाकं असलेला, सपाट तळाचा ओटा हवा होता. तो बैलगाडीच्या रूपानं तयार होता. शास्त्रज्ञांनी विचार करून निवडलेलं ते उपकरण आहे. निपाणीकर, तुमच्या बाजूनं दिलेला पुरावा तुमच्याच विरुद्ध जातो.

संकेश्वर मामा
पण बाई, गाडीचा आख लोखंडाचा असतो की. चाकावरची धावही लोखंडाची.

खानापूरच्या बाई
असते. पण ट्रकच्या सांगाड्याच्या आणि पत्र्याच्या मानानं किती ती? आणि अँटेना त्याच्या वर, लाकडावर. शून्य करता आलं नाही तर कमीत कमी करायचं, प्रयोग असाच मांडतात.

निपाणीकर
बैलगाडी सोडतो. पंपाचं इंजिन सोडत नाही.

टिळकवाडी_२००२
काका, तुमचा राग कळला, पण खरी अडचण कुणीच बोलत नाही. जुगाड असो की गणित, इस्रो हळू चालते. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या स्पेसएक्स कंपनीच्या फाल्कन रॉकेटची शंभरावर उड्डाणं झाली, इस्रोची ५. फाल्कन १ ची पहिली तीन उड्डाणं फसली, चौथं सप्टेंबर २००८ मध्ये गेलं. डिसेंबर २०१५ मध्ये फाल्कन ९ चा खालचा टप्पा परत येऊन उभा राहिला. त्यांचंच मोठं रॉकेट स्टारशिप एप्रिल २०२३ मध्ये फुटलं, खालचा काँक्रीटचा तळ उखडला, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये त्यांनी परत येणारा बूस्टर मनोऱ्याच्या हातांनी हवेत धरला. फोडा, शिका, परत बांधा. मी मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. आम्हाला कॉलेजात चूक करायलाच भीती घालतात. प्रोजेक्टचा छोटा थ्रस्ट स्टँड, म्हणजे इंजिनाचा जोर मोजायचा सांगाडा, पहिल्या चाचणीत वाकला तर मार्क कापले. का वाकला ते कुणी विचारलं नाही. ही भीतीच वरपर्यंत जाते.

लेथवाला, उद्यमबाग
पोरा, तुझे मार्क कापले ते चुकीचंच झालं, त्यात मी तुझ्या बाजूला. पण फोडायला आधी दहा बांधावी लागतात. ज्याच्याकडं दहा आहेत त्यानं फोडावीत. आपल्याकडं वर्षाला हातावर मोजण्याइतकी रॉकेटं, आणि प्रत्येकावर कुणाचा तरी उपग्रह बसलेला.

आणि इस्रो शिकत नाही असं कोण म्हणालं? ७ सप्टेंबर २०१९ च्या पहाटे चांद्रयान २ चं उतरणारं यान विक्रम चंद्रावर आदळलं. इंजिनांनी अपेक्षेपेक्षा जास्त जोर दिला, चुका साठत गेल्या, आणि उतरायची जागा ५०० मीटर बाय ५०० मीटर एवढीच दिली होती. पुढच्या वेळी, चांद्रयान ३ ला, जागा ४ किलोमीटर बाय २.४ किलोमीटर केली. पाय मजबूत केले, इंधन वाढवलं, मधलं पाचवं इंजिन काढून टाकलं, वेग मोजायला लेसरचं नवं यंत्र बसवलं. काय काय बिघडू शकतं याची यादी करून त्यावर यान बांधलं. २३ ऑगस्ट २०२३ ला उतरलं.

आता माझ्या धंद्यातलं. १२ ऑगस्ट २०२१ ला इस्रोचं जीएसएलव्ही-एफ१० रॉकेट पडलं. हायड्रोजनच्या टाकीवरची झडप गळत होती. टाकीत दाब भरला नाही आणि वरचं क्रायोजेनिक इंजिन नीट चाललं नाही. एका झडपेचं सील! उणे २५३ अंशाच्या द्रवाशी गाठ. तिथं एखादा कण अडकला, बसवताना थोडा ताण राहिला, की संपलं. मी हे वाचलं तेव्हा हातातल्या जॉबचा ग्रूव्ह, म्हणजे सील बसायची खाच, परत भिंगाखाली बघितला. माझं काम रॉकेटला जात नाही, तरी बघितला.

फाउंड्री, मच्छे
लेथवाले, तुम्ही पगारी माणूस, तुम्हाला हे सगळं पवित्र वाटणार. आम्ही कारखाना चालवतो. विमानाचं, रॉकेटचं काम घ्यायचं म्हटलं की प्रत्येक ओतकामामागं चार कागद. रासायनिक तपासणी, एक्स-रे, प्रमाणपत्रं, सगळा खर्च आमचा. पैसे ९० दिवसांनी, कधी १२० दिवसांनी. एक लॉट परत आला की वर्षाची कमाई गेली. बेळगावच्या फाउंड्रीत हात चांगले नाहीत का? आहेत. मारतो तो कागद. म्हणून आम्ही पंप आणि व्हॉल्व्हच्या बॉडी ओततो आणि गप्प बसतो.

लेथवाला, उद्यमबाग
कागदाचं मला सांगू नका. २०१६ साली आमच्या शॉपला बाहेरगावच्या एका कंपनीचं विमानाचं काम आलं. ॲल्युमिनियमच्या ४० रिंगा. बोअरच्या, म्हणजे आतल्या भोकाच्या, मापात सूट फक्त १५ मायक्रॉन, केसाच्या जाडीचा चौथा-पाचवा हिस्सा. सकाळी मशीन गरम झाल्याशिवाय पहिला जॉब लावत नव्हतो. एक रिंग मापली की कापडात गुंडाळून पेटीत. चाळीसच्या चाळीस मापात.

इन्स्पेक्टर आला. रिंग उचलली, फिरवून बघितली, विचारलं, "ही कुठल्या हीटची?" हीट म्हणजे धातू वितळवलेला एक घाण. बारच्या ज्या टोकाला हीट नंबर असतो ते टोक आधीच कापलं गेलेलं, आणि बाकीच्या तुकड्यांवर तो नंबर पंचानं ठोकायचा राहून गेलेला. मी म्हटलं, सगळ्या त्याच बारच्या आहेत, मीच कापल्यात. तो म्हणाला, तुमच्यावर विश्वास आहे हो, पण उद्या यातली एक तडकली तर बाकीच्या ३९ कुठं बसल्यात ते मी कसं शोधू?

याला उत्तर नव्हतं. रिजेक्ट माल कापल्याशिवाय शॉपबाहेर जात नाही. जेवणाच्या सुट्टीत मीच त्या ४० रिंगा बँडसॉवर धरल्या. कापताना आतला बोअर चमकत होता. घरी जाऊन जेवलो नाही. तीन महिने ओव्हरटाइम बंद झाला.

तेव्हा माझाही राग कागदावरच होता. आता नाही. तो माणूस बरोबर होता.

फाउंड्री, मच्छे
म्हणजे मालकाचं नुकसान झालं आणि तुम्हाला शहाणपण आलं. ४० रिंगांचं मटेरियल कुणाच्या खिशातून गेलं?

लेथवाला, उद्यमबाग
मालकाच्या. आणि पंच मारायला एक पोरगा ठेवला असता तर गेलं नसतं. तीनदा मागितला होता. कागद मारत नाही, माणूस कमी ठेवणं मारतं.

फाउंड्री, मच्छे
पोरगा ठेवायचा कुठून? आयटीआय झालेला टिकतो का इथं? सहा महिने शिकवतो, मायक्रोमीटर धरायला लागला की चालला पुण्याला, नाहीतर बेंगळूरला. हत्तरगीला विमानाचे भाग बनतात, तिकडंही जातात. माझा स्वतःचा पुतण्या गेला. त्याला मी शिकवलं.

निपाणीकर
जाणारच. इथं मराठी शाळेतनं आलेल्याला वर्कशॉपात शब्द कळत नाहीत, कन्नड अर्धवट, इंग्रजी त्याहून अर्धवट. माझ्या धाकट्याला ड्रॉइंग वाचायला येत होतं पण इंटरव्ह्यूत तोंड उघडलं नाही.

खानापूरच्या बाई
यावर मी मुकाट बसू शकत नाही. मुलगा मुका राहतो तो मराठीमुळं नाही. त्यानं वस्तू हातात घेतलेली नसते. आमच्या शाळेत प्रयोगशाळेचं कपाट होतं, किल्ली एकाकडंच, आणि तपासणीच्या दिवशी उघडायचं. व्हर्नियर कॅलिपर चित्रात शिकवला. मुलं वाचन अचूक लिहायची आणि खरा कॅलिपर हातात दिला तर उलटा धरायची. अग्निबाण म्हणा, रॉकेट म्हणा, कन्नडमधून शिका नाहीतर मराठीतून, त्यानं अडत नाही. कपाटाला कुलूप लावणाऱ्यांनी अडवलं, आणि त्यात मीही होते. मोडेल म्हणून मीही दिला नाही.

टिळकवाडी_२००२
बाई, हेच मी म्हणत होतो. मोडू द्या.

लेथवाला, उद्यमबाग
कॅलिपर मोडू द्या, हो. थ्रस्ट स्टँड वाकू द्या. त्यासाठीच चाचणी असते. इस्रोपण जमिनीवर इंजिनं जाळूनच बघते. आपल्या कर्नाटकातच चित्रदुर्गाला त्यांनी पंखांचं यान हेलिकॉप्टरनं साडेचार किलोमीटर वर नेऊन सोडलं आणि धावपट्टीवर उतरवलं. एप्रिल २०२३ पासून तीनदा, दर वेळी आधीपेक्षा अवघड करत. पोरा, एवढं मानतो की आपण हे आणखी भराभर करायला हवं. उड्डाणाच्या दिवशी मात्र नाही.

टिळकवाडी_२००२
उड्डाणाच्या दिवशीचं मान्य. पाच उड्डाणांचं मान्य नाही.

निपाणीकर
मंगळयानाचं तरी बोला. ४५० कोटी, पहिल्याच फेरीत मंगळ.

लेथवाला, उद्यमबाग
त्यावर उपकरणं किती होती? १५ किलोची. पीएसएलव्ही रॉकेटला जेवढं झेपतं तेवढंच नेलं. इंजिन जवळजवळ ३०० दिवस बंद होतं. ते पेटेल का म्हणून २२ सप्टेंबर २०१४ ला ४ सेकंद पेटवून बघितलं, २४ ला खरं पेटवलं. दादा, ते ४ सेकंद बघा. जुगाड करणारा थेट पेटवतो.

निपाणीकर
माझे वडीलपण हंगामाच्या आधी इंजिन एकदा चालू करून बघायचे. तेल बदलायचे, आवाज ऐकायचे, पाटीवर खडूनं तारीख लिहायचे. मी त्याला जुगाड म्हणत आलो.

शब्द मागे घेतो. इस्रोसाठी आणि वडिलांसाठीपण. पोस्ट काढणार नाही, खाली दुरुस्ती लिहितो.

खानापूरच्या बाई
लेथवाले, तुमच्या शॉपमध्ये आठवी-नववीची दहा-बारा मुलं आणली तर मालक चालवून घेतील का? खरा मायक्रोमीटर हातात द्यायचा, बाकी काही नको.

लेथवाला, उद्यमबाग
विचारतो. रविवारी मशीनं बंद असतात, तेव्हा आणा. चपला नको, बूट घालून. कापलेल्या रिंगेचा एक तुकडा मी ठेवलाय, तो आधी दाखवीन.

फाउंड्री, मच्छे
मुलं आमच्याकडंही आणा, बाई. भट्टी लांबून दाखवू. पण ९० दिवसांचं काय ते कुणी बोललं नाही.