सहावीला मनपा की अनुदानित? (सोसायटी ग्रुप, पुणे)

बी-३०४: मुलगी जूनमध्ये सहावीत जाईल. मनपाची शाळा चालत दहा मिनिटांवर, १ ते ७. संस्थेची अनुदानित शाळा ५ ते १०, पण बसने जावं लागेल. कशी ठरवायची? इमारत मनपाचीच छान आहे.

ए-१०२ (निवृत्त केंद्रप्रमुख): इमारत राहू द्या. आधी आठवीचं बोला. शाळा सातवीला संपते म्हणजे दोन वर्षांत पुन्हा दाखला, पुन्हा प्रवेश. मनपाचे प्राथमिक आणि माध्यमिक विभाग वेगळे, त्यामुळे पोर आपोआप वर सरकत नाही. आणि ५ ते १० च्या शाळा पाचवीला भरतात. नंतर बहुधा कुणी सोडून गेलं तरच जागा. म्हणून सहावीच्या जागेची चौकशी आत्ताच करा.

सी-६०१: आरटीईच्या (शिक्षण हक्क कायदा) २५ टक्के राखीव जागांतून मिळेल ना?

ए-१०२: नाही. तो प्रवेश सुरुवातीच्या वर्गालाच, तोही खासगी विनाअनुदानित शाळेत. सहावीला त्याचा संबंध नाही.

डी-४०५ (शिक्षिका): ताई, यू-डायसच्या (शाळांच्या माहितीची सरकारी नोंद) संकेतस्थळावर दोन्ही शाळांचं रिपोर्ट कार्ड काढा. कोड ११ आकडी, आपल्या जिल्ह्याचा २७२५ ने सुरू होतो. मनपाच्या एकाच इमारतीत सकाळ-दुपार मिळून दोन-तीन शाळा भरतात, प्रत्येकीचा कोड वेगळा. नुसत्या नावावर शोधलं की हमखास शेजारच्या शाळेचे आकडे हाती येतात. शाळा क्रमांक आणि सत्र विचारून घ्या.

बी-३०४: त्यात काय बघू?

डी-४०५: इयत्तावार पट. समजा पाचवीत ४१, सहावीत ३९ आणि सातवीत २२, तर पालक सहावीनंतर मुलं काढतायत. का, ते शाळेबाहेर उभ्या पालकांना विचारा. मग शिक्षक. कायद्याने ६ ते ८ ला ३५ मुलांमागे एक शिक्षक हवा, शिवाय गणित-विज्ञान, समाजशास्त्र आणि भाषा यांना प्रत्येकी किमान एक. रिपोर्ट कार्डवर एकूण १२ शिक्षक दिसतात, पण त्यातले बरेच १ ते ५ चे असू शकतात. मुख्याध्यापकांना सरळ विचारा, "६ ते ८ ला पदवीधर विषय शिक्षक किती, आणि गणित-विज्ञानाचं पद भरलेलं आहे का?" ते रिकामं असेल तर भाषेच्या बाई गणित घेतात आणि विज्ञान वाचून दाखवलं जातं.

ए-१०२: पदं का रिकामी पडतात तेही सांगतो. संचमान्यता, म्हणजे शाळेला शिक्षकांची किती पदं ते ठरवणं, ३० सप्टेंबरच्या पटावर होते. पट घसरला की पद जातं, पद गेलं की आणखी मुलं जातात. दाखला द्यायला काही ठिकाणी टाळाटाळ होते ती याचमुळे. पण आठवीपर्यंत दाखल्याला उशीर झाला म्हणून नवी शाळा प्रवेश अडवू शकत नाही, आरटीईचं कलम ५. दाखला मिळाल्यावर ऑनलाइन नोंदही नव्या शाळेकडे वर्ग झाली का ते विचारत राहा, नाहीतर मूल एका शाळेत बसतं आणि पटावर दुसऱ्या शाळेत दिसतं.

सी-६०१: त्या संस्थेच्या शाळेत सेमी इंग्रजी आहे म्हणे. मग प्रश्नच मिटला 🙂

डी-४०५: उलट इथेच फसायला होतं, काका. अनुदानित शाळेतली प्रत्येक तुकडी अनुदानित असेलच असं नाही. त्याच जिन्याने वर गेलं की विनाअनुदानित तुकडी, आणि तिथे फी. विनाअनुदानितला पोषण आहार नाही, आणि आठवीत एनएमएमएस या केंद्राच्या शिष्यवृत्ती परीक्षेला बसता येत नाही. या परीक्षेत निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. पालकांचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत आणि सातवीला ५५ टक्के लागतात. "कोणत्या तुकडीत प्रवेश देताय?" हे प्रवेश अर्ज भरायच्या आधी विचारा. फीच्या पावतीवर काय लिहितात तेही वाचा.

बी-३०४: हे डोक्यातच आलं नव्हतं. ती आत्ता पूर्ण मराठीत शिकते, सेमी झेपेल?

डी-४०५: गणित येत असेल तर झेपेल, अडतं ते शब्दांत. लसावि-मसावि तिला येतो, पण इंग्रजीत ‘एलसीएम’ दिसला की थांबते. मे महिन्यात सहावीच्या गणित-विज्ञानाचं इंग्रजी पुस्तक आणा आणि मराठी पुस्तकाशेजारी ठेवून ३०-४० संज्ञांची यादी करा. बालभारतीच्या दोन्ही पुस्तकांत धडे त्याच क्रमाने असतात. खरी अडचण गणितच कच्चं असेल तेव्हा.

ए-५०३: निकाल कसा बघायचा? मनपाच्या शाळेत निम्म्या वर्गाला ‘अ-१’ आहे.

ए-१०२: त्यावर दोन शाळा तोलू नका. सहावीत आकारिक (वर्षभर वर्गात चालणारं मूल्यमापन) आणि संकलित (सत्राची परीक्षा) निम्मे-निम्मे, सातवी-आठवीत ४०:६०. आकारिकचे गुण वर्गशिक्षकाच्या हातात. त्यापेक्षा शिष्यवृत्ती परीक्षेला किती मुलं बसवली आणि त्यातली किती पात्र ठरली, हे दोन्ही आकडे मागा. चारच हुशार मुलं बसवून "शंभर टक्के" सांगणाऱ्या शाळा आहेत.

डी-४०५: आणि एक वही बघा. सहावीची, गणिताची, फेब्रुवारीतली. पानाखाली नुसतं ‘पाहिले’ आणि सही, की गुणाकार चुकला त्या ओळीपाशी लाल खूण आणि खाली पोराने पुन्हा सोडवलेलं उदाहरण? एका वहीवर जाऊ नका, मागच्या बाकावरची एखादी मागा. प्रयोगशाळा दाखवली तर परीक्षानळ्यांवरची धूळ बघा. स्मार्ट बोर्डचं कौतुक नको, तो चालू करून दाखवा म्हणा.

सी-६०१: एवढं बघू देतील?

ए-१०२: शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के पालक असतात, त्यांच्यापैकी कुणाला बरोबर घ्या. आणि बीएलओचं (मतदार यादीचं) काम कितीजणांकडे आहे ते विचारायला विसरू नका. निवडणुकीच्या दिवसांत तीनांपैकी एक विषय शिक्षक बाहेर असला की तो विषय महिनाभर बंद.

बी-३०४: बसचं काय?

ए-५०३: पीएमपीचा विद्यार्थी पास काढा. पण सकाळच्या सत्राला साडेसहाच्या आसपासची बस लागेल. एकदा त्याच वेळी स्टॉपवर उभं राहून बघा, वेळापत्रकावर जाऊ नका.

बी-३०४: उद्या दोन्हीकडे जाऊन येते.

डी-४०५: उद्या शनिवार, सकाळची अर्धी शाळा. सोमवारी जा, मधल्या सुट्टीच्या थोडं आधी. आहार वाटताना किती मुलं रांगेत आहेत तेही दिसेल.